देवीदासच्या डेकवर उतरलेली कृपा

देवीदासच्या घरासमोर सागाच्या नव्या फळ्या उतरल्या, त्या दिवशी रघुनाथरावांनी दुपारचा भात अर्धा ताटात तसाच ठेवला.

"काहून, मीठ जास्त झालं का?" चंचलबाईंनी विचारलं.

"मीठ बरोबर आहे," रघुनाथराव म्हणाले. "फळ्या जास्त आहेत."

चंचलबाई खिडकीशी गेल्या, फळ्या पाहिल्या, परत आल्या आणि उरलेला भात झाकून ठेवला. आपल्या नवऱ्याचं पोट आणि शेजाऱ्याचं अंगण यांचा आतून कुठेतरी संबंध आहे, हे सदतीस वर्षांच्या संसारात त्यांना पाठ झालं होतं.

आता रघुनाथराव काही वाईट मनाचा माणूस नव्हे. सौंसरच्या शाळेच्या कचेरीतून बडे बाबू म्हणून रिटायर झालेले, लोधीखेड्याच्या रस्त्याला दोन एकर संत्र्याची बाग, सकाळी पूजा, संध्याकाळी हरिपाठ. दुसऱ्याची म्हैस व्याली तर यांना आनंद. दुसऱ्याचा पोरगा पास झाला तर हे पेढा मागून खाणार. कीर्तनात द्रौपदीचा धावा आला की मंडपातला पहिला हुंदका यांचा. पण देवाने प्रत्येक माणसात एखादी जागा कच्ची ठेवलेली असते, आणि रघुनाथरावांची कच्ची जागा कीर्तनाजवळच होती.

दर चैत्रात, रामनवमीच्या आदल्या दिवशी, पांढुर्ण्याचे हेमराजबुवा त्यांच्या गल्लीत कीर्तन करत. अकरा वर्षं ते रघुनाथरावांच्या लाकडी ओट्यावर होत आलं होतं. ज्याच्या ओट्यावर कीर्तन तो यजमान, आणि यजमानाला एक मान असतो. पूर्वरंग संपतो, बुवा थांबतात, पेटीवाला घाम पुसतो, तेव्हा यजमानाने उठून बुवांना हार घालायचा, कपाळी बुक्का लावायचा आणि पाया पडायचं. सगळं मिळून दोन मिनिटांचं काम. या दोन मिनिटांवर रघुनाथराव वर्ष काढत. उन्हाळ्यात संत्री गळाली, पावसाळ्यात छत गळलं, तरी मनात कुठेतरी हार हातात घेतलेले रघुनाथराव उभेच असत.

आणि आता शेजारी देवीदास डेक बांधत होता.

डेक हा त्याचाच शब्द. त्याची मुलगी स्नेहा पुण्याला असते. तिने मोबाइलवर कुठल्याशा बंगल्याचा फोटो पाठवला आणि देवीदासने सुताराला तो दाखवला. "आमच्यात त्याले ओटा म्हनतात," रघुनाथराव कंपाउंडच्या भिंतीवरून म्हणाले. "ओटा तुमचा, भाऊ," देवीदास खिळा ठोकता ठोकता म्हणाला, "हा डेक आहे. याच्या मधात फटी असतात. हवा खेळते." फटी तर रघुनाथरावांच्या ओट्यातही होत्या, पण त्या अकरा पावसाळ्यांनी पाडलेल्या होत्या आणि त्यांतून हवा न खेळता मुंगळे खेळत.

हेही एकवेळ सोसलं असतं. पण भजनी मंडळाच्या प्रेमलताबाई एका सकाळी दोन्ही घरांच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या. कंबरेवर हात ठेवून त्यांनी एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे पाहिलं. गल्लीत प्रेमलताबाईंचा शब्द तहसीलदारापेक्षा वर चालतो, कारण तहसीलदार बदलून जातो.

"रघुनाथभाऊ, तुमचा ओटा पार काळा पडला जी. मागच्या साली बुवांच्या पांढऱ्या धोतराले किती डाग लागले! माह्यं तं म्हननं, यंदा जो साजरा दिसंन, तिथं कीर्तन."

"पन त्याचं लाकूड अजून कोरंच आहे," रघुनाथराव म्हणाले. "रंग कुठं झाला?"

"नागपूरवरून पॉलिशवाला येऊन राहिला नं," देवीदास पलीकडून म्हणाला. "उद्या."

पॉलिशवाल्याचं उद्या तीन आठवडे चालू होतं. रघुनाथरावांनी मनातल्या मनात त्या पॉलिशवाल्याला उदंड आयुष्य चिंतलं आणि कामाला लागले. रामनवमीला नऊ दिवस उरले होते.

ओटा घासून स्वच्छ करायचा आणि त्याला सागाचा रंग पाजायचा, एवढंच काम. कुणीही दोन ब्रश आणि एक पोऱ्या आणला असता. पण रघुनाथराव आधी कृषी केंद्रात गेले. सौंसरात माणसाला सर्दी झाली तरी तो डॉक्टरकडे जाता जाता कृषी केंद्रात डोकावतो. काउंटरवर गुणवंता होता. त्याने पूर्ण हकीकत ऐकून घेतली, संत्र्यावरच्या काळ्या कोळशी रोगाची तक्रार ऐकावी तशी गंभीरपणे.

"ब्रश काहून, काका? तुमच्याजवळ फवारणीचा बॅटरीवाला पंप आहे नं. पाठीवर घ्या, बटन दाबा. अर्ध्या घंट्यात ओटा मोकळा."

"लाकडावर चालते?"

"पानावर चालते, खोडावर चालते, तं फळीवर काहून नाही चालनार? फळी मतलब आडवं खोडच."

हे तर्कशास्त्र रघुनाथरावांना इतकं पटलं की त्यांनी लाकडाच्या रंगाचे चार डबे घेतले आणि तिथेच विचारलं, "पंपाले किती टाकू?"

हा प्रश्न कुणाला साधा वाटेल. पण आमच्या भागात जगातली प्रत्येक गोष्ट पंपाला किती या मापात मोजली जाते. गुणवंताच्या तोंडून उत्तर विचाराच्या आधी निघालं: "पंपाले तीस मिली." डब्यावर काय लिहिलंय हे दोघांपैकी एकानेही वाचलं नाही. डबा वाचणं हा बागायतदाराला कमीपणा वाटतो.

पहिल्या दिवशी धुलाई झाली. पंप तीनदा विसळून घेतला, त्यात पंधरा लिटर पाणी आणि कपड्यांची साबणपूड, आणि रघुनाथराव ओट्यावर चढले. पंप गुणगुणायला लागला. आता बागेत फवारणारा माणूस पानावर कधीच फवारत नाही, पानाखाली फवारतो. रोग खालच्या अंगाला असतो. त्यामुळे रघुनाथराव पाच मिनिटांत ओट्यावरून उतरले आणि त्याच्याखाली शिरले. पंपासकट. चंचलबाई बाहेर आल्या तेव्हा ओट्याच्या फटींतून साबणाचं पाणी कारंज्यासारखं वर उडत होतं आणि खालून "हे पाय, कसा मळ निघून राहिला!" असा आवाज येत होता.

"मळ वरून आहे नं, अवो."

"तुले नाही समजत. मुळात इलाज करा लागते."

मुळातला इलाज तासभर चालला. नंतर आत शिरलेला माणूस पंपामुळे बाहेर येईना. शेवटी पंपाचे पट्टे सोडून आधी पंप आणि मग बडे बाबू असे दोन हप्त्यांत बाहेर काढले. देवीदास भिंतीवर कोपर टेकून पाहत होता. "काही मदत लागली तं सांगा जी," तो म्हणाला. मदत देणाऱ्याचा आवाज इतका गोड नसावा.

दुसरा मुक्काम तहसील. माइकच्या परवानगीचा अर्ज दरवर्षी रघुनाथरावच भरत. यंदा नवा बाबू होता. "कार्यक्रम स्थल पक्का लिखिए," तो म्हणाला, "और पड़ोसी की सहमति लगेगी. दस्तखत के साथ." शेजाऱ्याची सही! रघुनाथराव घरी आले, अर्ज उशीखाली ठेवला आणि दोन दिवस त्यावर झोपले. आधी ओटा चकाकू दे, मग सही मागू. चकाकत्या ओट्यावरून मागितलेली सही वेगळी आणि काळ्या ओट्यावरून मागितलेली वेगळी.

शनिवारी देवीदास बायकोला घेऊन जामसांवलीला हनुमानाच्या दर्शनाला गेला. अर्धी गल्ली त्याच्याबरोबर गेली, उरलेली अर्धी चैत्राच्या दुपारी दारं लावून झोपली. रघुनाथरावांनी मुहूर्त ओळखला.

झाडावर औषध मारण्याआधी ते ओलं करून घेतात, म्हणून त्यांनी पुन्हा दोन पंप पाणी मारून ओटा चिंब केला. मग तीस मिली रंग आणि पंधरा लिटर पाणी. फवारा निघाला तो नकोशा पाहुण्याला दिलेल्या चहासारखा पाणचट. फळ्यांवरून ओघळला आणि मुंगळ्यांच्या बिळात गेला. लाकूड जसंच्या तसं काळं.

"गुणवंतानं फसवलं," रघुनाथराव म्हणाले, आणि त्यांनी चारही डबे पंपात उलटे केले. पाणी थोडंसंच. नोझल लावलं ते सगळ्यात बारीक, संत्र्याच्या आंबिया बहाराच्या फुलावर मारतात ते, कारण बुवांसाठी काम नाजूक हवं. चष्मा काढून खिशात ठेवला, कारण मागच्या बहारात एक चष्मा औषधाने गेला होता. आणि मग त्यांनी फवारणाऱ्याचा पहिला नियम पाळला. चाळीस वर्षांत एकदाही न चुकलेला नियम: वाऱ्याकडे पाठ. कोरडी माती चिमटीत घेऊन हवेत सोडली, वारा पाहिला, पाठ केली.

वारा देवीदासच्या घराकडे चालला होता.

तीन वाजेपर्यंत पंप गुणगुणत राहिला. चष्मा नसल्यामुळे रघुनाथरावांना समोर एक तांबूस, मऊ, उदाच्या धुरासारखं काहीतरी उठताना दिसत होतं. ते भिंतीवरून पलीकडे जात होतं. हे दृश्य त्यांना इतकं पवित्र वाटलं की ते मनातल्या मनात बुवांची चाल गुणगुणू लागले. बॅटरी संपली तेव्हा पंपही रिकामा होता. चष्मा पुसून त्यांनी डोळ्यांवर चढवला.

त्यांचा ओटा पिऊन पिऊन भरलेला होता, त्याला आणखी काही प्यायला जागा नव्हती. साबणाचा थर अजून फळ्यांत होता. रंग जिथे जमेल तिथे गोळा होऊन बसला होता: इथे एक ठिपका, तिथे एक थारोळं, मधेच लांब ओघळ. कोळशी लागलेल्या संत्र्याच्या पानासारखा तो ओटा दिसत होता.

मग त्यांनी भिंतीपलीकडे पाहिलं.

देवीदासचं कोरं, कोरडं, तीन आठवडे तहानलेलं लाकूड. त्याने ती दुपार घोटाघोटाने प्यायली होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखा, गडद, शेंदराच्या अंगाने जाणारा तांबूस रंग. एक ओघळ नाही, एक डाग नाही. नागपूरचा पॉलिशवाला नमस्कार करून परत गेला असता.

रघुनाथराव भिंत धरून उभे राहिले. आयुष्यात त्यांनी हाताने केलेलं सगळ्यात सुंदर काम भिंतीच्या चुकीच्या बाजूला होतं.

संध्याकाळी देवीदास प्रसाद घेऊन उतरला. डेकसमोर थांबला. बोटाने फळी चाचपली, बोट नाकाशी नेलं. ते बोट रुमालाला पुसलं. मग त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि मोठ्याने म्हणाला, "बाप्पा! मारुतीराया!"

पुढचं रघुनाथरावांना खिडकीतून पाहावं लागलं. बायका हळदकुंकू घेऊन आल्या. कुणी नारळ ठेवला. "दर्शनाले गेला भाऊ, अन् घरी शेंदूर चढला!" एक जण म्हणाली. प्रेमलताबाईंनी डेकला कपाळ टेकवलं, उठल्या, आणि जाता जाता रघुनाथरावांच्या ओट्यासमोर थबकल्या.

"तुम्हीबी आजच रंगवलं का जी?"

"हो नं."

"पाहा. तुम्ही हातानं केलं, तिथं देवानं केलं. फरक दिसूनच राहिला."

रघुनाथराव खिडकीपासून मागे फिरले आणि पाटावर बसून राहिले.

"सांगून टाका नं," चंचलबाई म्हणाल्या.

"काय सांगू? की मी त्याचा डेक रंगवला? अन् माह्याच ओट्याचं वाटोळं केलं?"

"मंग नका सांगू."

"अन् देवाच्या नावानं खोटं चालू देऊ?"

"मंग सांगा."

हे घरात चार दिवस चाललं. बाहेर तोवर कार्यक्रम स्थल बदललं. नवा अर्ज घेऊन देवीदास स्वतः आला. शेजाऱ्याच्या सहमतीच्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाला, "इथं सही द्या जी, भाऊ." रघुनाथरावांनी सही केली. तीस वर्षं शाळेच्या दाखल्यांवर मारलेली झोकदार सही त्या दिवशी पहिलीतल्या पोराच्या अक्षरासारखी उमटली.

कीर्तनाच्या दिवशी चारलाच मंडप भरला. हेमराजबुवा तांबूस डेकवर उभे राहिले आणि खरं सांगायचं तर शोभले. पांढरं धोतर, पांढरा फेटा, खाली तो रंग. गळ्यात उपरणं टाकून बुवांनी झांज वाजवली आणि रघुनाथरावांच्या अंगावर नेहमीसारखा काटा आला. नाम घेताना त्यांचे डोळे भरले. मग त्यांना आठवलं की आपण पहिल्या रांगेत सतरंजीवर बसलो आहोत, आणि भरलेले डोळे तसेच राहून आतलं पाणी मात्र बदललं.

पूर्वरंग संपला. पेटीवाल्याने घाम पुसला. देवीदास नवा कुर्ता घालून उठला. त्याच्या हातात मोगऱ्याचा हार होता. हार अकरा वर्षांत कधी नव्हे एवढा मोठा दिसत होता.

"थांबा," बुवा हसत म्हणाले. "हार घेतो. पन पहिले मले सांगा, हा रंग कोनी दिला म्हनता?"

"मारुतीरायानं!" सगळा मंडप ओरडला.

"मी दिला!"

सगळ्या माना वळल्या. रघुनाथराव उभे होते. आपण कधी उठलो ते त्यांना कळलं नव्हतं.

"मी दिला, बुवा. बॅटरीच्या पंपानं. वाऱ्याकडे पाठ करून माह्या ओट्यावर मारत होतो, सगळा इकडं आला. चार डबे. गुणवंताले विचारा. मारुतीचा काही संबंध नाही."

मागे गुणवंता खाली बसल्या बसल्या आणखी खाली झाला. प्रेमलताबाईंचा हात गालावर गेला. बुवांनी दोन्ही हात जोडले.

"मंडळी, पाह्यलं? आपली फजिती झाली तरी चालंन, पन देवाच्या नावावर खोटं नको! किती निर्मळ मानूस! असा श्रोता समोर असला का कीर्तनकाराचं तोंड बंद होते. देवीदासभाऊ, हा हार पहिले यांच्या गळ्यात घाला!"

टाळ्या पडल्या. बायका डोळे पुसू लागल्या. देवीदास हार घेऊन समोर आला. अकरा वर्षं बुवांच्या गळ्यात घातलेला हार आता आपल्याच गळ्यात पडणार, हे रघुनाथरावांना स्वप्नातही सुचलं नव्हतं. त्यांनी मान खाली केली. आणि मान खाली करता करता त्यांना बायकांच्या बाजूला बसलेल्या चंचलबाई दिसल्या. त्या टाळ्या वाजवत नव्हत्या. नुसत्या पाहत होत्या.

रघुनाथरावांनी मान वर काढून घेतली.

"नाही जी, बुवा," ते म्हणाले. "हेबी खोटं आहे. मी देवासाठी नाही बोललो. याच्या हातात हार पाह्यला अन् माह्या पोटात आग लागली. पाच दिवस झाले मी जळून राहिलो. पाच दिवस काय, याच्या फळ्या उतरल्या तेव्हापासून जळून राहिलो. खरं ते हेच आहे."

कुणीच टाळी वाजवली नाही. अशा बोलण्यावर काय करायचं ते मंडपाला ठाऊक नव्हतं. बुवांनी जोडलेले हात सोडले.

"भाऊ," देवीदास हळूच म्हणाला. मग मोठ्याने म्हणाला, "मले मालूम होतं."

"काय मालूम होतं?"

"हेच, की रंग तुम्ही मारला. बोट नाकाशी नेलं, अन् समजलं. शेंदराले काय रंगाचा वास येते? अन् तुमच्या नखात, कानात, सगळीकडं तोच रंग. तरीबी मी मारुतीचं नाव घेतलं." त्याने हार पेटीवर ठेवला. "पाच दिवसांची गोष्ट काय सांगता, भाऊ? मी अकरा वर्षं जळून राहिलो! दर साली तुम्ही हार घेऊन उठले का मी उठून पानी प्यायले जात होतो. तुम्हाले काय वाटे, मले तहान लागे? अवो, डेक काय हवा खेळायले बांधला मी?"

"अकरा वर्षं?" रघुनाथरावांचा आवाज चढला. "तू गालात हसून बसे!"

"हसत होतो, पन आतून जळत होतो!"

"अरे पन मी फळ्या पाहून भात सोडला! तू जेवन सोडलं का कधी?"

"मी लेकीच्या नावावर डेक केला, भाऊ! स्नेहानं कोनताच फोटो नाही पाठवला. मीच शोधला! बोला आता!"

"बस्स!" बुवांनी झांज एकदा जोरात आपटली. पण त्यांचं पोट हलत होतं, आणि पेटीवाला तर पेटीवर कपाळ टेकवून हसत होता. "दोघंबी वरत या. डेकवर. घ्या हार. एक टोक तू धर, एक टोक तुम्ही धरा जी, अन् घाला माह्या गळ्यात लवकर. उत्तररंगात भरतभेट लावनार होतो, आता तुमच्यापुढं ती फिकी पडनार. तरीबी लावतो."

दोघे वर चढले. हाराचं एकेक टोक धरून त्यांनी तो बुवांच्या गळ्यात घातला आणि एकाच वेळी पाया पडायला वाकल्यामुळे डोक्याला डोकं आपटलं. मंडप हसला, बायकांनी पुन्हा डोळे पुसले. प्रेमलताबाईंनी "रामकृष्णहरी" म्हणून सगळ्या प्रकरणावर शिक्का मारला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. रघुनाथराव हात जोडून उभे होते. मन खरोखर हलकं झालं होतं, शेजारच्या माणसाला मिठी मारावी असं वाटत होतं. त्यांनी ती मारलीही.

पण मिठीतून देवीदासच्या खांद्यावरून पाहताना एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आल्यावाचून राहिली नाही. त्यांच्या जळण्याच्या कबुलीवर मंडप गप्प बसला होता. देवीदासच्या कबुलीनंतर मात्र टाळ्या पडत होत्या, आणि अजून थांबत नव्हत्या.